तम्माण्णाचं बोलावणं

आमच्या तम्माण्णाला 'या की एकदा घरी' असं चुकूनही म्हणू नका. तो येतो.

आपण सगळेच असं म्हणत असतो. बाजारात ओळखीचं माणूस भेटतं, बोलणं संपतं, पण पाय निघत नाही. मग आपण 'या एकदा जेवायला' म्हणायचं, समोरच्यानं 'येऊ की निवांत' म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं. यात कुणी कुणाला फसवत नाही. मी बेळगावच्या कोर्टात वकिली करतो. माणूस बोलतो एक आणि त्याच्या मनात असतं दुसरं, यावरच माझं पोट चालतं. पण तम्माण्णा आमच्या माडीवर भाड्यानं राहायला आला आणि माझी सगळी विद्या थिटी पडली. पहिल्याच दिवशी मी सवयीनं म्हणालो, "या की कधी खाली, जेवायला." त्यानं खिशातून मोबाइल काढला, कॅलेंडर उघडलं आणि गंभीरपणे विचारलं, "कुठल्या वारी?"

मी गुरुवार सांगितला. दुसरं काय सांगणार? बायको माझ्याशी बुधवारपर्यंत बोलत नव्हती.

त्याचं खरं नाव तोमाश. पण अनगोळच्या आमच्या गल्लीत असलं नाव टिकणं शक्यच नव्हतं. समोरच्या गंगूआक्कानं दुसऱ्याच दिवशी त्याचा तम्माण्णा केला आणि त्यानंही हूं की चूं न करता ते नाव घेतलं. मच्छेकडच्या एका कॉलेजात तो जर्मन शिकवतो. माणूस पोलंडचा, शिकवतो जर्मन, पगाराचे कागद इंग्रजीत, रिक्षावाल्याशी घासाघीस कन्नडात आणि जेवण मराठीत. साठीला टेकलेला, ताडमाड, एकटा. आमच्या जिन्याच्या चौकटीवर त्याचं डोकं रोज आपटतं. आपटलं की तो चौकटीलाच 'सॉरी' म्हणतो आणि पुढं जातो.

परदेशी पाहुणे गोव्याला जातात, हंपीला जातात. तम्माण्णा सदलग्याला गेला. का, तर बसच्या कंडक्टरनं तिकीट देता देता 'या की आमच्या गावाकडं' म्हटलं होतं. हा पत्ता विचारत घरी पोचला तेव्हा कंडक्टर ड्यूटीवर आणि घरात त्याची म्हातारी आई एकटीच. दारात हा गोरा खांब बघून तिनं आधी कडी लावली, मग खिडकीतनं विचारलं, "कोण रं तू?"

"तुमच्या पोरानं बोलावलंय," हा म्हणाला. "म्हणून आलोय."

संध्याकाळी तो गुळाची ढेप काखेत मारून परत आला. "म्हातारी लई भारी," म्हणाला. "दोनदा वाढलं. तिसऱ्यांदा मी नको म्हटलं, तर रागावली."

कोगनोळीच्या नाक्यावरची गोष्ट तर विचारूच नका. गाड्या तपासताना एका पोलिसानं त्याची पिशवी बघितली, त्यात पुस्तकांशिवाय काही सापडलं नाही, आणि ओशाळून तो म्हणाला, "या कधी चहाला." पुढच्या शनिवारी हा बसनं निपाणी आणि तिथून मिळेल त्या वाहनानं नाक्यावर हजर. पोलिसाला वाटलं, तक्रार घेऊन आलाय. घाबरून त्यानं पासपोर्ट मागितला. तम्माण्णानं पासपोर्ट दिला आणि म्हणाला, "साखर कमी."

शेवटी एकदा मीच त्याला समजावायला बसलो. म्हटलं, "सर, ही नुसती बोलायची पद्धत असते. त्याचा अर्थ 'या' असा नसतो." त्यानं नीट ऐकून घेतलं. विद्यार्थ्यानं चुकीचं उत्तर दिलं की तो जसा बघतो, तसं माझ्याकडं बघितलं.

"वकीलसाहेब, आमच्या गावात खोटंखोटंबी कोण बोलवत न्हाय," तो म्हणाला. "हितं बोलावतात तरी."



यंदा त्याचा कॉलेजशी असलेला करार संपत आला. पुढं राहायचं की नाही, हे त्याला कळवायचं होतं. पोलंडला त्याची थोरली बहीण असते. ती दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी एकच विचारते, 'आता परत ये. उद्या आजारी पडलास तर तिथं तुझं कोण आहे?' एका संध्याकाळी तो खाली येऊन आमच्या सोप्यात बसला आणि म्हणाला, "मी तिला सांगितलंय. ह्या रविवारी माझ्या जेवायच्या वेळी फोन कर. माझं कोण आहे ते दाखवतो."

"आणि नाही दाखवता आलं तर?" बायकोनं विचारलं.

"तर मग तिचं खरं," तो म्हणाला. "जायचं."

बुधवारी त्यानं स्वतः दारोदार फिरून आवतण दिलं. हात जोडून, 'रविवारी दुपारी सगळ्यांनी जेवायला यायचं.' लोक विचारायचे, कशाबद्दल? तो म्हणायचा, जेवायबद्दल. गंगूआक्कानं तर त्याला धरूनच ठेवलं. "लगीन ठरलं काय रं तुझं, तम्माण्णा?" तो लाजला. त्यामुळं लगीन ठरल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचली.

रविवार उजाडला. माडीवरनं सकाळपासून कांदा परतल्याचा वास येत होता. एरवी रविवारी आमच्या गल्लीत कुकरच्या शिट्ट्यांची चढाओढ लागलेली असते. त्या दिवशी एकाही घरातून शिट्टी नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. समोर गंगूआक्का ठेवणीतलं इरकल नेसून कट्ट्यावर बसली. एक वाजला, दीड वाजला. पोटात कावळे ओरडायला लागले.

"वर जाऊया का?" बायको म्हणाली.

"बोलावणं नको का यायला?" मी म्हटलं. "हपापल्यासारखं कसं जायचं?"

आमच्याकडं आवतण वेगळं आणि बोलावणं वेगळं. आवतण आधी द्यायचं. पण पानं मांडून झाली की यजमानानं पुन्हा घरोघर जाऊन 'चला, पानं वाढलीत' म्हणायचं असतं. ते बोलावणं आल्याशिवाय गेला तो हावरट. जीव गेला तरी दारात बसून राहायचं. तर सगळी गल्ली मानानं उपाशी बसली होती.

एवढ्यात माडीवर फोन वाजला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद पडला. बायको माझ्याकडं बघायला लागली. "अहो, ते उचलत का नाहीत?" तेव्हा मात्र मी मान बाजूला ठेवला आणि जिना चढलो.

खोलीत दोन ओळींनी पत्रावळ्या मांडलेल्या. प्रत्येकीवर डाव्या बाजूला मीठ आणि लिंबाची फोड, अगदी जिथल्या तिथं. एका पातेल्यात लालभडक बिटाचं सार, परातीत बटाट्याच्या धपाट्यांची चळत. आणि खाटेच्या काठावर नव्या कुडत्यात तम्माण्णा. फोन शेजारी पालथा घातलेला.

"कोण आलं न्हाय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुम्ही सांगितलं होतं, वकीलसाहेब. सगळे 'येतो' म्हणाले. ती बोलायची पद्धत असते. आता कळली मला पद्धत."

खोटं कशाला सांगू, इतकं वाईट मला हरलेल्या खटल्यातही वाटलेलं नाही.

"अहो सर," मी ओरडलोच, "तुम्ही बोलवायलाच आला नाहीत!"

"बुधवारी आलतो की!"

"ते आवतण हो! बोलावणं कुठाय? पानं मांडली की पुन्हा दारात यायचं असतं. सगळी गल्ली उपाशी बसलीय खाली. बघा!"

तो सज्जात आला. खाली गंगूआक्का कट्ट्यावर, पलीकडं पाटलांची माणसं पायरीवर, सगळी नटूनथटून आणि सगळ्यांच्या माना वर. मग तो जिन्याकडं धावला. चौकटीवर डोकं दाणकन आपटलं. पहिल्यांदाच तो तिला सॉरी म्हणाला नाही.

"चला!" भर गल्लीत उभा राहून तो ओरडला. "चला, चला, पानं वाढलीत!"

"आता सुचलं व्हय रं तुला?" गंगूआक्का गुडघे धरत उठली. "जीव चाललाय हितं भुकेनं."

खोली भरली, जिनाही भरला. गंगूआक्कानं द्रोणातलं सार चाखून 'रंग लई झ्याक, पर तिखट कुठाय?' असं विचारलं आणि पुन्हा द्रोण पुढं केला. तेवढ्यात फोन परत वाजला. ह्या वेळी तम्माण्णानं पहिल्या घंटेला उचलला. फोन सावकाश सगळ्या पंगतीवरनं फिरवला, एकेका तोंडापाशी थांबत. पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई पुढं वाकून बघत होती.

फोन गंगूआक्कापाशी आला, तशी ती तोंडातला घास सावरत म्हणाली, "आगं, तू बी ये की एकदा जेवायला!"

तम्माण्णानं ते तिच्या भाषेत सांगितलं. पलीकडून दोनच शब्द आले. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला बोलवेना. कुडत्याच्या बाहीनं त्यानं डोळे पुसले.

"काय म्हणाल्या?" बायकोनं हळूच विचारलं.

"ती विचारते," तम्माण्णा म्हणाला, "कुठल्या वारी?"