कॅबिनेटला आलेला ताप

"मिड-टॉवर कॅबिनेटचं मला सांगू नका! नुसती टिचकी मारून सांगेन, आत हवा खेळते की नाही!" भावोजींनी मेहुण्यासमोर छाती फुगवून सांगितलं.

कॅबिनेट म्हणजे संगणकाचं सगळं सामान पोटात घेऊन उभी राहणारी पेटी; मिड-टॉवर ही त्यातली मधल्या उंचीची. भावोजी अशा पेट्या तपासून परीक्षणं लिहायचे, आणि त्यांनी नापास केलेल्या पेटीला गेम खेळणारे हातही लावत नसत. म्हणून तर मेहुण्याने त्यांनाच गाठलं होतं. पत्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्याने स्वतःच्या हातांनी पहिलं मिड-टॉवर बनवलं होतं. शनिवारी एक संगणक विकणारा दुकानदार येणार. भावोजींचा शेरा चांगला असेल तर पन्नास पेट्यांची ऑर्डर, नाहीतर पुन्हा जुन्या साहेबाचे पाय धरा!

भावोजींची पद्धत भारी कडक. पेटी घरातल्या झोपायच्या खोलीत ठेवायची, तिच्यात भरपूर तापणारं दणकट ग्राफिक्स कार्ड बसवायचं, सगळ्यात जड गेम लावायचा, खिडकी वीतभर उघडी ठेवायची आणि दार ओढून बाहेर यायचं. अर्धा तास आत पाऊल टाकायचं नाही! "माणसाच्या अंगाची ऊब आकडे बिघडवते," ते म्हणत. त्या अर्ध्या तासात बायकोला स्वतःच्या कपाटातून टॉवेल काढायचीसुद्धा चोरी.

अर्धा तास झाला. भावोजींनी तापमानाचा आकडा पाहिला. ब्याण्णव अंश! शिवाय आवाज टिपणाऱ्या यंत्रात कसलीशी घरघर.

"जीव घुसमटतोय रे हिचा! वर आणखी भोकं पाड."

मेहुण्याने ड्रिल आणलं आणि वरचा पत्रा चाळणीसारखा करून टाकला. पुन्हा चाचणी. चौऱ्याण्णव!

"अजून पाड!"

आता मेहुण्याने वरचा पत्राच कापला आणि तिथे ऐसपैस जाळी बसवली. सत्त्याण्णव! घरघर दुप्पट!

भावोजी चक्रावलेच. भोकं वाढवली की ताप वाढतो? असं तर जगात कुठे होत नाही! त्यांनी जाळीवर कागदाचा कपटा धरला. तो भुर्रकन उडाला. म्हणजे हवा जातेय! दोघं दहा मिनिटं समोर उभे राहिले, तर आकडा घसरत सत्तरवर आला.

"आपण बघतोय तोवर कशी शहाण्यासारखी वागते बघ!"

"भावोजी, जाळीत केस अडकलेत. राखाडी."

"तुझेच असणार."

"माझे काळे आहेत."

"काळजीने पिकले असतील!"

"मग तुमचे?"

भावोजींनी आपल्या गुळगुळीत टकलावरून हात फिरवला आणि विषय बदलला.

शनिवार उजाडला. भावोजींनी जड हाताने कागदावर 'नापास' लिहिलं. मेहुण्याचा चेहरा एवढासा झाला. दुकानदार मात्र म्हणाला, "तपासणी माझ्यासमोर होऊ द्या."

पुन्हा गेम, पुन्हा खिडकी, पुन्हा दार बंद. पंधरा मिनिटं चौघं बाहेर ताटकळत उभे. शेवटी बायकोला राहवेना.

"अहो, किल्लीच्या भोकातून बघायला तरी तुमची परवानगी लागत नाही ना?"

तिने डोळा लावला आणि पोट धरून हसत खालीच बसली. मग मेहुण्याने पाहिलं. मग भावोजींनी.

शेजाऱ्यांचा राखाडी बोका! जाळीवर चारी पाय पसरून, डोळे मिटून, घरघर करत पडला होता. जाळी मोठी झाली तसा तोही ऐसपैस पसरला होता. हवेला बाहेर पडायला बोटभरही जागा नाही! कडी वाजली मात्र, स्वारी खिडकीतून पसार.

दुकानदाराने शांतपणे आकडा पाहिला. "अख्खा बोका बोकांडी बसला तरी यंत्र बंद पडलं नाही? पन्नास पाठवा. फक्त पहिल्यासारख्या, ही चाळणी नको."

मेहुण्याचे डोळे भरून आले. त्याने आधी ताईचे हात धरले, मग दुकानदाराचे. भावोजींनी घाईघाईने 'नापास' खोडलं, 'उत्तम' लिहिलं आणि खाली ऐटीत सही करायला पेन टेकवलं.

"थांबा," दुकानदार म्हणाला. "सही त्या बोक्याची घ्या. तुम्ही पेटी नापास केलीत, त्याने पहिल्याच दिवशी पसंत केली!"