वांग्यांचा नंबर

"सर, बिनपाण्याचं जगायचं तुमी ह्या वांग्यांना कॉलेजात शिकवून आणलंय का?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. दहावीतल्या शिवकन्येनं तो भर कार्यक्रमात, माइक हातात धरून विचारला! मैत्रिणी एकमेकींच्या मागं लपल्या. सरपंचांना ठसका लागला.

बीडच्या कॉलेजचा पर्यावरण शिक्षणाचा उपक्रम तेलगावजवळच्या ह्या गावात आला होता. दूध सोसायटीच्या शेडमागच्या उतारावर गावाची सामूहिक बाग! वांगी, टोमॅटो, शेवगा आणि प्रत्येक वाफ्याला नावाची पाटी. आता दुष्काळ म्हणजे असा की गुरं छावणीला गेलेली, दूध नाही म्हणून सोसायटीला कुलूप, माणसं टँकरच्या वाटेला डोळे लावून बसलेली. आणि त्यात ही वांगी पाहुणी आली!

पण ही बाग लावणारे कॉलेजचे जोगदंड सर चिडायच्या ऐवजी खूश झाले. "शाब्बास! ज्याचा प्रश्न, त्याचंच उत्तर. बाग आजपासून तुझी. शनिवारी बघायला येतो. रोपं जगली तर बाग इथंच, नाहीतर उचलून दुसऱ्या गावाला, पालीला नेतो."

घरी ही बातमी शिवकन्येच्या आधी पोचली.

"लई जीभ चालतीया तुझी," तिचे आप्पा म्हणाले. "बरं, एक काम कर. बाग जगव. दहावी झाली की तुला सरांच्याच कॉलेजात धाडतो, बीडला. न्हाई जगली तर हितंच, माझ्या डोळ्यांपुढं शिकायचं."

"आप्पा, तुमी आत्तापासूनच हॉस्टेलची चौकशी करा!"

डोक्यात योजना तयारच होती. घरोघरी आंघोळीचं, भांड्यांचं पाणी गटारात जातं. ते जमा करायचं आणि बागेला घालायचं! सोसायटीच्या ओसरीवर दुधाचे रिकामे कॅन धूळ खात पडलेच होते. शुक्रवारी संध्याकाळी तिनं ते एकेक करत रस्त्याच्या कडेला आणले आणि शाळेतल्या प्रार्थनेसारखे एका ओळीत उभे केले. आता सकाळी लोकांना सांगितलं, की झालं!

लोकांना सांगायचं तेवढं सकाळवर ठेवलं, हीच काय ती चूक. कारण ह्या गावात रिकामी भांडी ओळीनं दिसली की त्याचा अर्थ एकच असतो, आणि तो कुणी कुणाला विचारत बसत नाही.

सकाळी जानकीबाईंनी ती ओळ पाहिली. "आगं माय! टँकरची जागा बदलली आन् आपल्याला पत्ता न्हाई!" त्यांनी डोक्यावरचा हंडा कॅनच्या मागं ठेवला. हंड्यामागं बादली आली, बादलीमागं पिंप, पिंपामागं बाळाचा टब. एकानं तर नंबर धरायला नुसती चप्पलच ठेवली. शिवकन्या डोळे चोळत आली, तोवर रांग शाळेच्या फाटकाला टेकली होती!

"जानकीमावशी, टँकर न्हाई हितं! हे कॅन वांग्यांचे हायत!"

"वांग्यांचा नंबर माझ्या म्होरं? कावून? त्यांच्या घरी लगीन हाय का?"

"आवो, मीच ठेवलेत ते कॅन!"

"मंग तर हालवूच नको. तुला ठावं होतं आन् तू गप ऱ्हायलीस!"

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन बंकटराव बुलेटवरून आले. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. लोकांनी त्यांना घेरलंच. "चेअरमन, लई भारी काम केलं बघा! हितं टँकर आणला!"

आपण काय केलंय ते बंकटरावांना ठाऊक नव्हतं. पण आभार परत करायची त्यांना सवय नव्हती. ते बाजूला गेले आणि टँकरवाल्याला फोन लावला. "रोजच्यासारखं मारुतीच्या पारावर जाऊ नको. सरळ सोसायटीवर ये. कावून काय इचारतो, ये म्हन्लं की ये!"

आणि टँकर आला! मग काय विचारता! जानकीबाईंचा दुसरा हंडा पदराआडून निघाला. मागून कुणीतरी ओरडलं. पुढून उलटं उत्तर आलं. बादल्या भिडल्या, टब उपडा झाला. चप्पलवाला आपल्या नंबरासाठी चप्पलच हातात घेऊन बोलू लागला. पाइप एकीनं इकडं ओढला, दुसरीनं तिकडं, आणि जी धार सुटली ती उतारावरून थेट वाफ्यांत! टोमॅटोच्या पाट्या तरंगायला लागल्या. माना टाकलेली वांगी हळूहळू वर बघू लागली.

नेमके तेव्हाच जोगदंड सर कॉलेजची पोरंपोरी घेऊन गाडीतून उतरले. चिंब वाफे, आणि बागेला सगळ्या गावाचा गराडा! सरांचा चष्मा ओला झाला. पाण्यानं की भरून आल्यामुळं, ते कळलं नाही.

"लोकसहभाग!" ते म्हणाले. "इतका लोकसहभाग मी कुठंच पाहिला नाही! पोरी, बाग सध्या इथंच राहील. एक महिना अशीच जगव, मग कायमची तुमची."

"आजपासून टँकर रोज हितंच!" बंकटरावांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं. टाळ्या झाल्या.

शिवकन्या उड्या मारत घरी आली आणि उंबऱ्यातच थांबली. आई दारात बसली होती. शेजारी कोरडा ठणठणीत हंडा.

"तांबडं फुटायच्या आदी पारावर गेलते मी," आई म्हणाली. "पयला नंबर होता माजा. पयला! टँकर आला, माज्याकडं बघितलं, आन् तसाच म्होरं गेला. तुज्या वांग्यांना न्हाऊ घालाया!"

"आन् माजा च्या ऱ्हायलाय," आतून आप्पा म्हणाले. "वांग्यांचा झाला का बगा जरा!"

शिवकन्येचा चेहरा पडला. आई आयुष्यात कधी रांगेत भांडली नव्हती. पहाटे उठून गुपचूप पहिला नंबर धरायची. पार घराजवळ होता; आता रोज सोसायटीपर्यंत एवढ्या लांब तिनं जायचं? आणि उद्या गाव शहाण्यासारखं रांगेत उभं राहिलं, थेंबही सांडला नाही, तर बागेचं काय? महिना काढायचा होता! बीडचं कॉलेज वांग्यांच्या देठाला लोंबकळत होतं.

तिनं कोरडा हंडा उचलला, काखेत मारला आणि आईआप्पांपुढं उभी राहिली.

"आई, आप्पा, माझं ठरलंय! उद्यापासून पाण्याला आई जायची न्हाई, मी जाणार. नंबर मी धरणार, हंडा मी आणणार. आन् महिनाभर रोज कुणाशी ना कुणाशी भांडणार बी मीच. पाइप हातात धरून, वाफ्याच्या अंगाला उभी राहून!"