बन्सीचे निळे बेडूक

बेडकाच्या पाठीवर रंगाचा ठिपका देताना बन्सीच्या मनात फक्त पीएचडी होती. चिकलठाण्याला कारखाने वाढले, त्यांच्या भिंतींवर मोठाले दिवे लागले, दिव्यांभोवती किडे घोंगावू लागले. ते खायला नाल्यातले बेडूक कुठवर जातात, हे त्याला शोधायचं होतं. ठिपकेवाला बेडूक जिथं सापडेल, तिथवर त्याची मजल, असा साधा हिशेब. गणपती तोंडावर आल्यानं गुलमंडीच्या दुकानातले बाकीचे रंग मूर्तिकारांनी उचलले होते. निळा तेवढा उरला होता. बन्सीनं तोच आणला आणि वस्तीमागच्या नाल्यातले चाळीस बेडूक रंगवून सोडले.

दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे, निळ्या झेंड्यांच्या मोर्चांचे होते. चौकात चार माणसं जमली तरी पोलिसांची गाडी थांबायची. अशात एका कारखान्याच्या फाटकावर निळ्या पाठीचे बेडूक बसलेले दिसले आणि गावभर बोभाटा झाला.

स्कॉलरशिप जाईल या धाकानं बन्सी आजवर एकाही मोर्चाला गेला नव्हता. त्यापायी वस्तीनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आता मात्र वस्तीतल्या कचरूमामांनी त्याला हाक मारून चहा पाजला.

"आमी तुला भित्रा समजत होतो रं. तुजी तर बेडकंबी मोर्चात निघाली."

"मामा, ते संशोधन आहे."

"व्हय, व्हय. कुनी इचारलं तर संशोधनच म्हनायचं." मामांनी डोळा मारला.

बन्सी अर्धा चहा टाकून उठला. ठिपके पुसून टाकावेत म्हणून तो नाल्यावर गेला, तर तिथं एकही निळा बेडूक नव्हता. दुसऱ्या दिवशी दारात हवालदार उभा राहिला.

ठाण्यात फौजदार देवकत्यांनी टेबलाशेजारचं पोतं काठीनं दाखवलं. पोतं जागच्या जागी हलत होतं. "माझी माणसं दोन दिवस हेच गोळा करतायत. स्टेशनावर सापडले, गुलमंडीत सापडले."

भीती विसरून बन्सी पुढं सरकला. गुलमंडीपर्यंत? एवढी मजल जगात कुणी नोंदवली नसेल. त्यानं पोत्यात डोकावलं आणि त्याचा चेहरा उतरला. बेडूक शंभराच्या वर होते. त्याचा ठिपका टिकलीएवढा होता. यांतले कित्येक मानेपासून ढुंगणापर्यंत निळे होते. त्यानं वळून पाहिलं. त्याची आई, कडूबाई, धावतपळत दारात येऊन उभी होती. तिनं निळी बोटं पदराआड घेतली.

"हे सगळे तुझेच?" फौजदारांनी विचारलं.

चाळीसच माझे म्हटलं, तर पोलीस बाकीच्यांचा माग काढत वस्तीत शिरणार.

"माझेच साहेब. सगळे."

मग दिवे, किडे आणि बेडूक असं सगळं त्यानं अडखळत सांगितलं. फौजदारांनी कपाळ चोळलं. "शीक, पण रंग बदल."

"कुठला घेऊ साहेब?"

"भगवा..." फौजदार थांबले. "नको. हिरवा तर नकोच. लाल म्हटलं की कारखान्यातले युनियनवाले आले. काळा..." त्यांना काळे झेंडे आठवले असावेत. त्यांनी काठी टेबलावर ठेवली. "निळाच राहू दे. फक्त सोडण्याआधी ठाण्यात कळवत जा."

बाहेर आल्यावर बन्सी रस्त्याच्या कडेलाच बसला. "आई, माझं अख्खं वर्ष वाया गेलं. कुठला बेडूक आपण गेला आणि कुठला कुणी नेऊन सोडला, आता कसं कळणार? कशाला रंगवलेस?"

"चाळीसच व्हती ना रं," कडूबाई त्याच्या शेजारी टेकत म्हणाली. "मोर्चा म्हनल्यावर मानसं लागत्यात."