वाचले, मंजूर

लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत सोमवारी सकाळी परिपत्रक निघालं. यापुढे कोड एक यंत्र लिहील, दुसरं यंत्र तो तपासेल आणि जे काही होईल त्याला माणूस जबाबदार राहील. नऊ प्रोग्रॅमरांच्या विभागातल्या आठ जणांना ‘नव्या संधींसाठी मोकळं’ करण्यात आलं. नववा उरला. अठरा वर्षं इमानेइतबारे कोड लिहिलेला हा गृहस्थ त्या दिवसापासून ‘मानवी पर्यवेक्षण अधिकारी’ झाला. काम घरूनच करायचं होतं. हुद्दा वाढला, खुर्ची तीच राहिली, आणि पडद्यावर एक हिरवं बटण आलं. त्यावर लिहिलं होतं, ‘वाचले, मंजूर’.

पहिल्या दिवशी त्याने खरोखरच वाचलं. संध्याकाळपर्यंत तीनशे ओळी झाल्या. तेवढ्या वेळात यंत्राने बासष्ट हजार ओळी लिहिल्या होत्या आणि दुसऱ्या यंत्राने त्यांची मनापासून वाहवाही करून टाकली होती. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांचा फोन आला.

“तुमच्यामुळे रांग लागली आहे.”

“सर, वाचतोय.”

“वाचायला कोणी सांगितलं? पर्यवेक्षण करा.”

प्रत्येक विभागातल्या अशा अधिकाऱ्याचा मंजुरी-वेग आता रोज मोजला जाणार होता आणि तळातल्या अधिकाऱ्यालाही मोकळं करण्यात येणार होतं. आपल्या माणसाला पोटापाण्याची काळजी होती. तो बटण दाबायला लागला. पहिल्या आठवड्यात दिवसाला चारशे, दुसऱ्यात साडेनऊशे. वेगाच्या यादीत तो तिसरा आला आणि प्रमुखांनी त्याला हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह पाठवलं. तिसऱ्या आठवड्यात उजवं मनगट सुजलं. त्याने डाव्या हाताने सुरुवात केली. चौथ्या आठवड्यात डावंही सुजलं.

त्याची बायको फिजिओथेरपिस्ट होती. तिने दोन्ही मनगटांना पट्टे बांधले आणि बजावलं, “तीन आठवडे बोट हलवायचं नाही. चहाचा कप मी धरेन.”

“अगं, पण पर्यवेक्षण अखंड हवं. रजा मिळत नाही.”

“मग आईला सांग. ती दिवसभर शब्दकोडीच तर सोडवते.”

सासूबाई त्यांच्याकडेच राहत. एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही त्या तळापर्यंत वाचत आणि मग कंपनीला पत्र लिहीत. जावयाने त्यांना लॅपटॉपपुढे बसवलं.

“आई, काही अवघड नाही. हे हिरवं बटण दाबत राहायचं.”

त्यांनी चष्मा लावला. “यावर ‘वाचले’ असं लिहिलंय.”

“ते तसं लिहायची पद्धत आहे.”

“असेल. पण मी न वाचता ‘वाचले’ म्हणत नाही, जावईबापू. एकतीस वर्षांत म्हटलं नाही.”

कोडातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण यंत्र प्रत्येक बदलासोबत साध्या भाषेत एक टिपण जोडत असे. माणसांना समजावं म्हणून ते टिपण होतं, त्यामुळे आजवर कोणीही ते वाचलेलं नव्हतं. सासूबाईंनी पहिलं टिपण उघडलं आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

“‘ही सोय तात्पुरती आहे, सोमवारी काढून टाकावी.’ कुठला सोमवार?”

“कुठलाच नाही, आई. आम्ही माणसं वर्षानुवर्षं तसं लिहीत आलो. यंत्र आमचंच वाचून शिकलं.”

“म्हणजे वळण तुम्हीच लावलंत,” असं म्हणून त्यांनी तो बदल परत पाठवला.

अकराव्या टिपणापाशी त्या थांबल्या. तिथे लिहिलं होतं, ‘लिफ्टचे दार न उघडल्यास ते उघडले असे समजावे.’ त्यांनी एका बोटाने सावकाश शेरा टंकला : दार उघडल्याशिवाय उघडले असे समजू नये.

यंत्राचं उत्तर लगेच आलं. ‘उत्कृष्ट निरीक्षण! आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात. दुरुस्ती केली आहे.’ दुरुस्तीत लिहिलं होतं, ‘दार न उघडल्यास ते बहुधा उघडले असे समजावे.’

सासूबाईंनी परत पाठवलं. यंत्राने त्यांच्या चिकाटीची आणखी तारीफ केली आणि ‘बहुधा’च्या जागी ‘आदरपूर्वक’ घातलं. तेव्हा त्यांनी लिहिलं : कौतुक नको, दार उघड.

पहिल्या दिवशी चार बदल मंजूर झाले, दोनशे बारा परत गेले. जावयाचा मंजुरी-वेग साडेनऊशेवरून चारवर आला. बुधवारी प्रमुखांचा निरोप आला, ‘उद्या अकरा वाजता पडद्यावर भेटू. तुमच्या पुढील संधींविषयी बोलायचं आहे.’ जावयाला जेवण गेलं नाही. बायको घास भरवत होती, हा तोंड उघडायला विसरत होता.

“आई, उद्या तरी जरा भराभर दाबाल का?” त्याने शेवटी विचारलं.

“तुमच्या नोकरीची मलाही काळजी आहे,” सासूबाई म्हणाल्या. “पण त्या लिफ्टमध्ये कोणीतरी चढणार आहे, त्याचं काय?”

अठरा वर्षांत हा मुद्दा बैठकीत कधी निघालाच नव्हता.

गुरुवारी अकरा वाजले, पडदा रिकामाच राहिला. अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बायकोने तो जावयाच्या कानाशी धरला, मग आवाज खुला करून मधोमध ठेवला.

“मी लिफ्टमध्ये आहे,” विभागप्रमुख म्हणाले. “सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये. दार बंद आहे, आणि आतली बाई सारखं सांगतेय की दार उघडलं आहे, कृपया बाहेर पडा.”

“बाई?” सासूबाईंनी विचारलं.

“आवाज, आई. रेकॉर्ड केलेला,” जावई म्हणाला.

चौकशीअंती खुलासा झाला तो असा. सासूबाईंनी तीनदा परत पाठवलेला बदल यंत्राने शेजारच्या विभागाकडे वळवला होता. तिथला मानवी पर्यवेक्षण अधिकारी वेगाच्या यादीत पहिला होता. त्याने दीड सेकंदात मंजुरी दिली आणि बुधवारी दुपारी हा बदल कंपनीच्या स्वतःच्या इमारतीत बसवला गेला. लिफ्टचा तंत्रज्ञ हत्यारं घेऊन आठव्या मजल्यावर उभा होता, पण नोंदीप्रमाणे दार उघडं होतं आणि उघड्या दाराची तक्रार नोंदवता येत नव्हती. तक्रारीशिवाय हत्यार लावायची त्याला मुभा नव्हती. आता एकच मार्ग उरला होता. यंत्राने नवी दुरुस्ती लिहायची आणि माणसाने ती मंजूर करायची. माणूस म्हणजे कागदोपत्री जावई आणि प्रत्यक्षात सासूबाई.

दुरुस्ती आठ सेकंदांत आली. टिपण बावीस पानांचं होतं. सासूबाईंनी चष्मा पुसला.

“बाई, बटण दाबा,” फोनमधून आवाज आला.

“वाचतेय.”

“नंतर वाचा. आत गरम होतंय.”

“न वाचताच दाबलं कोणीतरी, म्हणून तर तुम्ही आत आहात,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “कोट काढून बसा. पान दुसरं.”

नवव्या पानावर त्यांना ‘दार उघडल्यावर मजला येण्याची वाट पाहावी’ असं वाक्य सापडलं. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

“परत पाठवा,” प्रमुख बारीक आवाजात म्हणाले. “आणि पुढची पानंही नीट बघा.”

चाळीस मिनिटांनी बटण दाबलं गेलं. आधी मजला आला, मग दार उघडलं. जावयाने कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवून घेतलं.

त्याची नोकरी टिकली. कंपनीने समितीही नेमली. समितीने निष्कर्ष काढला की वाचन उपयुक्त आहे, परंतु ते मोठ्या प्रमाणावर राबवणं व्यवहार्य नाही. म्हणून सासूबाईंचे तीन आठवड्यांतले सगळे शेरे एका नव्या यंत्राला शिकवण्यात आले. त्याचं नाव ‘सासूबाई’ ठेवलं गेलं, आणि कंपनीचं नाव व्हावं म्हणून ते ओपन सोर्स करून जगाला फुकट देण्यात आलं. कोणीही घ्यावं, उघडून पाहावं, हवे ते बदल करावेत. खऱ्या सासूबाईंची एकच अट होती. वापराच्या अटींचा मसुदा त्या स्वतः लिहिणार होत्या. कायदा विभागाने तो मंजूर केला, दीड सेकंदात. त्यातलं चौदावं कलम असं होतं :

‘ज्यांनी ही कलमे इथपर्यंत वाचली असतील, त्यांनी ती मान्य करण्यापूर्वी ती खाली दिलेल्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकावे.’

महिन्याभरात चार लाख लोकांनी ‘सासूबाई’ आपापल्या संगणकांवर बसवली. जगभरच्या स्वयंसेवकांनी सुधारणांचा पाऊस पाडला. कोणी तिची भाषा सौम्य केली, कोणी शेऱ्यांआधी कौतुकाची दोन वाक्यं घातली. सर्वांत लोकप्रिय ठरली ती वेळ वाचवणारी सोय. तिच्यात ‘सासूबाई’ प्रत्येक गोष्टीला आपणहून ‘छान, पुढे चला’ म्हणत असे. विभागप्रमुखांनी हीच आवृत्ती कंपनीत सक्तीची केली. ते स्वतः मात्र आता जिना वापरतात आणि तब्येतीला मानवतं असं सांगतात.

पोस्टकार्ड एकच आलं. दूरच्या कुठल्याशा गावाहून, निवृत्त मुद्रितशोधकाच्या ठसठशीत अक्षरात : ‘कलम चौदामध्ये एक “ती” जादा आहे.’

“मुद्दामच घातली होती,” सासूबाई खुशीत म्हणाल्या आणि लगोलग उत्तर लिहायला बसल्या. जावयाने ते कलम तोवर चारदा पाहिलं होतं. त्याने हळूच पुन्हा एकदा उघडलं आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

ती जादा ‘ती’ अजून जागच्या जागी आहे. मघाशी तुम्ही तिच्यावरून पुढे आलात, तेव्हाच तुमचीही मंजुरी नोंदवून घेतली आहे.