नववी ‘ब’मधल्या बाईचे हात

सोमवारी पहिल्या तासाला नववी ‘ब’च्या चित्रातली बाई शाळेच्या व्हरांड्यात आली आणि तिने आपले हात मागितले.

चित्र अफसाना मुल्लाने काढलेलं होतं. स्मरणचित्र, विषय ‘आठवडी बाजार’. बाई जलरंगातली असल्यामुळे शिपायाने तिला पाण्याच्या टाकीपासून लांब उभं केलं आणि चित्रकलेच्या टिळेकर सरांना बोलावणं धाडलं. सरांनी तिला नीट पाहिलं. लुगड्याचा हिरवा रंग रेषेबाहेर गेला होता. ही चूक त्यांनी तेव्हाच दाखवली होती. दोन्ही हात मात्र शिकवल्याप्रमाणे पाठीमागे होते.

हात जमत नसतील तर पाठीमागे घ्यायचे, पाय जमत नसतील तर गवतात बुडवायचे, असं सर दरवर्षी परीक्षेआधी मुलांना सांगत. मुलं पास होत. खुद्द सरांनाही हात कधी जमले नव्हते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

“मास्तर,” बाई म्हणाली, “माजं बाळ झोळीत रडतंय. पोरीनं झोळी झ्याक काढलीया, बाळबी काढलंय. पर त्याला उचलू कशानं?”

रडण्याचं खरंच होतं. चित्र भिंतीवर लागल्यापासून वर्गात ते ऐकू येई, आणि गणिताच्या पवार सरांनी त्यापायी वर्ग बदलून मागितला होता. टिळेकर सरांना वाटलं होतं, शेजारच्या चाळीतलं पोर असेल. आता त्यांनी मुख्याध्यापिकांना बोलावलं.

होनराव मॅडमचा गोंधळ उडाला. आलेली व्यक्ती पालक धरायची की शैक्षणिक साहित्य, हे त्यांना ठरवता येईना. शिवाय चित्राला श्रेणी देऊन झाली होती, आणि श्रेणी दिल्यावर खाडाखोड चालत नाही. तेवढ्यात वर्गातलं रडणं वाढलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

“मधल्या सुट्टीच्या आत उरका,” त्या म्हणाल्या. “आणि श्रेणी तीच राहील.”

बाईला फळ्याजवळ उभं केलं. अफसाना पेन्सिल घेऊन पुढे आली आणि तिथेच अडली. कुठून सुरुवात करायची, असं तिने विचारलं. सरांनाही ते ठाऊक नव्हतं. अखेर तीच म्हणाली, “सर, बघितल्याशिवाय कसा काढू? तुमचा दाखवा ना.”

सरांनी डावा हात पुढे केला, कारण उजव्यात खोडरबर धरायचं होतं. मुलीने बोटं काढली, नखं काढली, मनगटावरचं घड्याळही काढलं. मग दुसरा हात काढताना समोर पुन्हा तोच हात होता, तेव्हा तिने तोच काढला. बाईला दोन डावे हात मिळाले, दोन्हींवर पुरुषी केस आणि एकच वेळ दाखवणारी दोन घड्याळं. सरांच्या हे उशिरा लक्षात आलं. त्यांनी ओशाळून खोडरबर पुढे केलं.

“ऱ्हाऊ द्या,” बाई हात मागे घेत म्हणाली. “बाळाला काय कळतंय?”

ती लगबगीने चित्रात परत गेली. झोळीशी वाकली. रडणं थांबलं.

वर्ग शांत झाला, आणि त्या शांततेत दुसरा आवाज ऐकू आला. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात मागच्या सगळ्या वर्षांची चित्रं गठ्ठे बांधून ठेवलेली होती. तिथून माणसं हाका मारत होती. बरीच माणसं होती, आणि ती बऱ्याच दिवसांपासून हाका मारत असावीत, कारण आवाज बसलेले होते.

“सर, ही माणसं का नाही आली?” अफसानाने विचारलं.

“कशी येतील?” सर म्हणाले. “ती गवतात आहेत.”

त्यांनी कपाट उघडलं आणि वरचा गठ्ठा सोडून मुलांत वाटला. मग चप्पल काढली, टेबलावर रुमाल अंथरला, त्यावर आपला उजवा पाय ठेवला, थोडा विचार करून शेजारी डावाही ठेवला, आणि टेबलावर तसेच उभे राहून वर्गाला म्हणाले, “घोट्यापासून सुरुवात करा.”