दार उघडले नाही

बंद घराच्या दाराशी गप्पा मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि साक्षीदार म्हणून त्याच्यासोबत हिंडायची नोकरी नेमकी माझ्या वाट्याला आली.

शाणूमाम आमच्या नगरपालिकेत शिपाई. मी तिथे कारकून. माहेर पार्सेचं, लग्नानंतर डिचोलीकडे आले. पालिकेला रस्ता रुंद करायचा असो की मोडकं घर पाडायचं असो, आधी मालकाला सुनावणीची नोटीस द्यावी लागते. मालक भेटला तर सही घ्यायची. नाही भेटला तर नोटीस दारावर डकवायची आणि डकवल्याचा पंचनामा करायचा. आमच्याकडचे निम्मे मालक पोर्तुगालला गेलेले, काही मुंबईला आणि काही त्याहून पुष्कळ लांब. कागदावर मात्र सगळे घरातच बसलेले. त्यामुळे आमचा व्यवहार बहुतेक दारांशीच.

दुसरा शिपाई दोन मिनिटांत कागद चिकटवून चहाला गेला असता. शाणूमाम आधी चपला काढायचा. सुर्ल्याकडून येणाऱ्या खनिजाच्या ट्रकांनी दारावर तांबडी धूळ बसवलेली असे, ती स्वतःच्या रुमालाने पुसायचा. मग तीनदा टकटक, अगदी हळू. आणि मग वाट बघत उभा राहायचा. किती वेळ? मी एकदा मनात आकडे मोजले, दीडशेच्या पुढे गेले आणि कंटाळून सोडून दिले.

"शाणूमाम, हां घर कितकीं वर्सां बंद आसा!"

"म्हणानच वेळ लागता गे बाय. एकाद्याचे पाय दुखतत. येता मनीस."

मनीस येत नसेच. मग तो दाराच्या फटीशी तोंड नेऊन जावक क्रमांकापासून सहीशिक्क्यापर्यंत सगळी नोटीस मोठ्याने वाचायचा आणि शेवटी म्हणायचा, "कळयलां हां. सोमवारी सकाळी धा वाजतां. वेळार येयात." मगच कागद लागायचा. बाजारचा गोंद त्याला चालत नसे. घरून पत्र्याच्या डब्यात उकड्या तांदळाच्या पेजेची खळ आणायचा. पावसात गोगलगायी ती खळ कागदासकट खात. एका वकिलाने तर हरकत घेतली की आपल्या अशिलाला नोटीस अर्धीच मिळाली. शाणूमाम शांतपणे म्हणाला, "उरलेली अर्धी गोगलगायीन वाचली सायब. तिची कायेक हरकत ना."

आमचं भांडण व्हायचं ते पंचनाम्यावरून. छापील नमुन्यात एक वाक्य आहे, 'घरात कोणी आढळले नाही.' ते तो मला दर वेळी खोडायला लावायचा आणि वर लिहायला सांगायचा, 'दार उघडले नाही.'

"आमी भितर गेल्लंव? ना. मगे कोणी ना म्हणान कशां सांगतलंव? दार उगडूंक ना, इतकांच आमी बघलां."

मुख्याधिकारी दोनदा चिडले, तिसऱ्यांदा त्यांनी नाद सोडला. ऑफिसात सगळे त्याला हसायचे. मीही हसायचे, मयेच्या रस्त्यावरच्या त्या घरापर्यंत.

मे महिन्यातली दुपार होती, अडीचचा सुमार. त्या वेळेला आमच्याकडे दुकानंसुद्धा डोळे मिटून असतात. दाराला बाहेरून कुलूप, तेही गंजून कडीशी एकजीव झालेलं. शाणूमामने चपला काढल्या, दार पुसलं, तीनदा वाजवलं. आम्ही उभे राहिलो. माडांची एक झावळीही हलत नव्हती. आणि आतून, लांबून, जमिनीवर एक पाय घासल्यासारखा आवाज आला. मग थांबून दुसरा. आवाज सावकाश पुढे येत दारापाशी आला आणि तिथेच थांबला.

मी शाणूमामकडे पाहिलं. घाबरणं सोडाच, घरी पाहुणे आल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला होता. त्या दिवशी त्याने नोटीस नेहमीपेक्षा हळू आवाजात वाचली. रस्त्यावर पोचलो आणि पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला, तर मी चक्क किंचाळले.

"उंदीर आसतलो," मी म्हटलं.

"आसतलो," शाणूमाम म्हणाला. "उंदराचेय पाय दुखतत."

गेल्या वर्षी रुंदीकरणाच्या नोटिसा निघाल्या. नावं टाईप करता करता माझा हात थांबला. सुशीला, शाणूची बायको. घर तिच्या नावावर होतं आणि ती जाऊन आठ वर्षं झाली होती. सगळ्या गावाला कागद पोचवणाऱ्या ह्या माणसाने स्वतःच्या घरावरचं नाव बदललंच नव्हतं! रस्त्यात त्याचं पुढचं बलकांव जाणार होतं. त्याच बसायच्या ओट्यावर बसून सुशीलाबाय रोज संध्याकाळी त्याची वाट बघायची. ते वाचवायचं तर मालकिणीने सुनावणीला हजर राहायचं, नाहीतर तिच्या मृत्यूचा दाखला देऊन वारसाने हरकत घ्यायची. यातलं काहीच झालं नाही तर बलकांव गेलं. हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं.

"दाखलो आसा," तो म्हणाला. "दिवचो ना." दाखला द्यायला तो तयारच नव्हता.

स्वतःच्या घरची नोटीस स्वतःला लावता येत नाही, म्हणून मी गेले. तो खळीचा डबा धरून फाटकाबाहेर परक्यासारखा उभा राहिला. मी चपला काढल्या, दार पुसलं आणि वाजवलं.

"हळू गे!" तो ओरडला. मग जवळ येऊन पुटपुटला, "त्या दिसा मी जोरान वाजयलां. भूक लागलेली माका. ती भितरसून 'येतंय, येतंय' म्हणत होती. गुडघे दुखत तिचे. मी परत धडाधडा वाजयलां. ती धावली, आनी उंबऱ्यार पडली. मागीर उठूंकच ना."

इतक्या दारांपुढे तो ताटकळत का उभा राहायचा, ते मला तेव्हा कळलं आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मी वाट बघत राहिले. घरात तो एकटाच राहतो, आणि तो तर माझ्या शेजारी उभा होता. तरी आतून एक पाय घासल्याचा आवाज आला. मग थांबून दुसरा. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. नोटीस मोठ्याने वाचली, "कळयलां हां, सुशीलाबाय" म्हटलं, कागद लावला आणि न सांगताच पंचनाम्यात लिहिलं, 'दार उघडले नाही.'

सुनावणीच्या दिवशी दारात उभं राहून नावं पुकारायचं काम शाणूमामचंच होतं. प्रत्येक नाव तीनदा. सुशीलाचं नाव त्याने दोनदा नेहमीच्या खड्या आवाजात पुकारलं. तिसऱ्यांदा आवाज खाली आला. "सुशीला, आसा गे?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "गैरहजर लिहा."

"जरा रावात, सायब. तिचे पाय दुखतत."

कोणी हसलं नाही. मी मनात मोजू लागले. दीडशे झाले, दोनशे झाले. बाहेरच्या लांब व्हरांड्याकडे बघत तो उभा होता, आणि मीही बघत होते. खोटं कशाला सांगू, कोणीतरी यावं असं मला मनापासून वाटत होतं. व्हरांडा मोकळाच राहिला. मग शाणूमामने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला दाखला काढला आणि टेबलावर ठेवला.

"लिही बाय," तो मला म्हणाला. "घरात कोणी ना."

साहेबांनी वारसाची हरकत नोंदवून घेतली. रस्ता पलीकडून घेता येतो का ते जागेवर जाऊन बघू, असंही म्हणाले. शाणूमामने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो परत दारात गेला आणि त्याने पुढचं नाव पुकारलं.

जाता जाता साहेब मला म्हणाले, पंचनाम्यात 'घरात कोणी आढळले नाही' एवढी दुरुस्ती करून टाका. मी हो म्हटलं. फाइल माझ्याच कपाटात आहे आणि ती दुरुस्ती मी अजून केलेली नाही. दार उघडलं नाही, एवढंच आम्ही पाहिलं होतं.