बस्त्याव आणि अर्बाबच्या बंदुकीचा दस्ता

शुक्रवार, सकाळ. स्थळ: मस्कतच्या हमरियातल्या आमच्या इमारतीची गच्ची. हजर: मी, म्हणजे सगळ्या भाडेकरूंच्या वतीने घरमालकाशी बोलणारी; तिसऱ्या मजल्यावरच्या गायकवाडबाई, हातात ओल्या चादरी; आणि बस्त्याव. गैरहजर: अक्कल.

बस्त्यावने नळाच्या लोखंडी पाईपचा तुकडा एका लांबट लाकडाला तारेने आवळला होता आणि ते प्रकरण तो डाव्या हाताने वर फेकत होता. हवेत ते एक गिरकी घ्यायचं. झेलायला बस्त्यावचा डावा हात पुढे व्हायचा. मग धाडकन आवाज, आणि खालच्या मजल्यावरून कुणाची तरी शिवी.

"बस्त्यावभाऊ, उजव्या हाताचा संप आहे का?" गायकवाडबाईंनी विचारलं.

"टेस्टिंग चालू हाय बाय, लांब राहा."

"कशाचं टेस्टिंग?" मी म्हटलं.

"बंदुकीचं." आणि पुन्हा धाडकन.

बस्त्याव वसईचा. साठी उलटली आहे, पण सांगतो पंचावन्न. एका हॉटेलात मेंटेनन्सचं काम करतो आणि पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत राहतो, असं आपण म्हणायचं. खरं म्हणजे त्या खोलीत रंधे, पटाश्या, कानशी, करवती आणि शिकंजे राहतात. पलंगावर हत्यारं झोपतात, प्रत्येक जण जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला. बस्त्याव खाली चटईवर. सरस शिजवायचं पातेलं आणि सोरपोतेलचं, म्हणजे डुकराच्या मटणाचं, पातेलं यांच्यात फरक आहे असं तो शपथेवर सांगतो. मी त्याच्याकडे कधी जेवत नाही.

हत्यार तो कुणाला देत नाही. साधा स्क्रू ड्रायव्हर मागितला तरी हत्यारासोबत स्वतः येतो, आणि मग संध्याकाळ गेली. माझ्या स्वयंपाकघरातला ड्रॉवर अडकत होता म्हणून तो आला. मोजलं, पुन्हा मोजलं, कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर आकडे लिहिले आणि ड्रॉवर कापला. आता तो अडकत नाही. तो पडतो.

"लाकूड उन्हाळ्यात हालतं, बाय."

"बस्त्याव, घरात बारा महिने एसी आहे."

"मग एसीनं हाललं. आपल्या हातून चूक व्हत नाय."

हे त्याचं ब्रीदवाक्य. गायकवाडबाईंच्या न्हाणीघराचं दार त्याने उलटं बसवलं, तेव्हा चूक दाराची होती. हॉटेलातल्या एका पाहुण्याच्या अंगावर पडद्याचा दांडा पडला, तेव्हा पाहुणा उंच होता. तीसेक वर्षं मस्कतमध्ये काढून या माणसाने एकदाही 'चुकलो' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

अशा माणसाच्या हाती बंदूक कुणी दिली? दुर्दैवाने, मी तिथे हजर होते.

आमचे घरमालक अझैब्याला राहतात. सगळी इमारत त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणते. पाण्याच्या पंपाचं रडगाणं घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते आणि पंपातलं मला काय कळतं म्हणून बस्त्याव माझ्या गाडीत येऊन बसला होता. त्यालाही काही कळत नाही, पण ते तो मोठ्या आवाजात सांगतो. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, भिंतीवर अर्बाबच्या वडिलांची बंदूक टांगलेली. गोळी झाडायचं तिचं वय कधीच सरलंय. ती लग्नात आणि ईदला नाचते. पुरुष दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात, ढोल वाजतात, आणि मध्ये येऊन एकेक जण तलवार किंवा रिकामी बंदूक उंच फेकून झेलतो. या नाचाला रझ्हा म्हणतात. त्यात हात चुकला, तर गाव वर्षभर विसरत नाही.

गेल्या ईदला अर्बाबनी बंदूक फेकली आणि ती त्यांच्या हातातून निसटून दगडावर पडली. लाकडी दस्ता मानेपाशी, जिथे मूठ धरतात तिथे, चिरला. आता ती चिंधी बांधून भिंतीवर होती.

"लकडी खराब था," अर्बाब म्हणाले. "पुराना. कीडा खाया."

त्यांचा मोठा मुलगा छताकडे बघू लागला. लाकूड ठणठणीत होतं, हे कुणालाही दिसत होतं. पंचाहत्तरीचा माणूस काहव्याचा, म्हणजे कॉफीचा, पेला दोन हातांनी धरत होता, हेही दिसत होतं. महिन्याभरावर नातवाचं लग्न होतं. मुलगा अदबीने म्हणाला, की यंदा बाबांनी हातात काठी घेऊन नुसतं रांगेत उभं राहिलं तर छान दिसेल. अर्बाबनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बोलायचा थांबला. पण मुद्दा सगळ्यांना कळला. व्याही मंडळींसमोर बंदूक पुन्हा पडली, तर ती म्हाताऱ्याच्या हातात परत कधी दिली जाणार नव्हती.

"अर्बाब, नवा दस्ता मैं घर में बनाता," बस्त्याव म्हणाला. "फर्स्ट क्लास. खलास."

मी त्याचा शर्ट मागून ओढला. उपयोग झाला नाही.

परतीच्या वाटेवर मला दस्ताविद्या ऐकावी लागली. लाकूड अक्रोडाचंच हवं. रेषा मानेतून सरळ गेल्या पाहिजेत, आडव्या गेल्या की मान मोडणार. आधी बाहेरचा आकार नाही, आधी नळी बसायची आतली खोबण. लोखंडाला काजळ फासायचं, खोबणीत दाबायचं आणि उचलायचं. जिथे काळा डाग, तिथे लाकूड जास्त. तेवढंच पटाशीने खरवडायचं. परत काजळ, परत दाब. शेवटी जवसाचं तेल, रोज एक हात, तळव्याने चोळून.

"तुम्ही आधी किती दस्ते बनवलेत?"

"बनवायचं काय त्यात? हाय ते माहीत हाय."

म्हणजे एकही नाही.

शिवाय बंदुकीचा परवाना अर्बाबच्या नावावर, त्यामुळे लोखंड त्यांच्या घराबाहेर जाणार नाही. ही अट मात्र मी घातली, आणि पुढे चार लोक तुरुंगाबाहेर राहिले असतील तर माझ्यामुळे. मग गच्चीवर बंदुकीच्या जागी नळाचा पाईप आला. खरी जोडणी करायला दर शुक्रवारी अझैबा. बस्त्याव गाडी चालवत नाही. कोण चालवतं, ते सांगायला नको.

रुसैलच्या एका फर्निचरवाल्याकडून त्याने लाकूड आणलं. गायकवाडबाईंच्या काजळाच्या दोन डब्या संपल्या आणि त्यातलं निम्मं बस्त्यावच्या नाकावर गेलं. अझैब्यात तो अर्बाबना उभं करायचा, बंदूक धरायला लावायचा, त्यांचं मनगट आपल्या मुठीत घ्यायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. नाडी बघणारा वैदू जसा.

"मोजपट्टी विसरलात का?" मी एकदा मराठीतून विचारलं.

"गप बस जरा, बाय."

लग्नाच्या आठवड्यात मी गच्चीवर गेले, तर दस्ता तयार झालेला. आणि खोटं का बोलू, देखणा होता. तेलाने तांबूस चमकत होता. बस्त्यावने त्याला शिकंज्यात उलटा धरला होता आणि जिथे मागे लोखंडी टाच बसते, तिथून ड्रिल लावून आत भोकं पाडत होता. एक नाही, चाळणी.

"अहो! काय करताय? महिन्याचं काम!"

"आत काय हाय ते कोण बघतं? वरून टाच बसणार."

"पोकळ होईल तो!"

"व्हऊ दे."

पुढच्या बाजूनेही त्याने आतून लाकूड कोरून काढलं होतं. काय बिघडलं ते झाकायला हा माणूस आता आणखी बिघडवतो आहे, अशी माझी खात्री झाली. मी गायकवाडबाईंना सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. बस्त्यावने मात्र पाईप बांधला, डाव्या हाताने दस्ता वर फेकला, आणि या खेपेला झेलला. पुन्हा फेकला. पुन्हा झेलला. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन पाहिलं आणि समाधानाने नाक पुसलं. तेही काळं झालं.

लग्नाच्या दोन दिवस आधी अझैब्याच्या मजलिसमध्ये जोडणी झाली. अर्बाब, त्यांची मुलं, नवरदेव नातू, दोन शेजारी, सगळे भिंतीला टेकून बसलेले. बस्त्यावने शेवटचा स्क्रू पिळला आणि बंदूक अर्बाबच्या हातात दिली.

अर्बाबनी ती उचलली. कपाळाला आठ्या पडल्या. एकदा वर, एकदा खाली तोलून पाहिली.

"ये हल्का है," ते म्हणाले. "बहुत हल्का. क्यूं?"

मोठ्या मुलाला काय ते कळलं असावं, कारण त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "बाबा, ये अच्छा है ना, आप के हाथ..."

"मेरा गलती, अर्बाब," बस्त्याव मध्येच मोठ्याने बोलला.

मी वळून पाहिलं. बस्त्याव मान खाली घालून उभा होता.

"गलत लकडी आया. मेरे को समझा नहीं. हल्का माल निकला. अभी टाइम नहीं, नहीं तो दूसरा बनाता. माफी देव, अर्बाब."

अर्बाब खुलले. हो, खुलले. ताठ बसले, आवाज चढला. इतकी वर्षं ओमानमध्ये राहून लाकूड ओळखता येत नाही? तुम दिमाग किदर है? माझ्या बापाची बंदूक ही, भारी बंदूक, मर्दाची, आणि तू मला हे पीस देतोस? शेजारी हसले. नातू हसला. मोठा मुलगा बोलायचं ते विसरून हसला. दर वाक्याला बस्त्याव 'सही बात, अर्बाब' म्हणत होता. शेवटी अर्बाबनी मोठं मन करून हात हलवला. जाऊ दे. लग्न तोंडावर आहे. भागवून घेऊ.

परतताना गाडीत मला गच्चीवरचं टेस्टिंग आठवलं.

"डावा हात," मी म्हटलं. "तुमचा डावा हात कमजोर म्हणून त्या हाताने फेकत होतात. त्यांच्या उजव्यासारखा."

"पुढं बघून गाडी चालव," बस्त्याव म्हणाला. मग बाहेर बघत, "माझा बाप गावात माडांवर चढायचा. एक दिवस भावांनी त्याच्या हातातला कोयता काढून घेतला. चांगल्यासाठीच घेतला. मग तो दारात बसायचा नुसता. मी इकडं व्हतो."

एवढंच. पुढे रुवीच्या सिग्नलपर्यंत तो माझ्या गाडीचा दरवाजा कसा चुकीचा बसवलाय ते सांगत होता.

लग्नाला आम्हा दोघांना बोलावणं होतं. आम्ही बायका भिंतीकडच्या बाजूला, पुरुष मैदानात दोन रांगांत. ढोल सुरू झाले. अर्बाब मध्ये आले, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात, कमरेला खंजर. बंदूक वर गेली, चांगली उंच, गिरकी घेतली आणि खाली येऊन त्यांच्या हातात बसली, थोडी हलली, पण बसली. रांगांमधून आरोळी उठली. व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्बाबनी पुन्हा फेकली. ती पुन्हा बसली.

बस्त्याव गर्दीत मागे उभा होता. प्रत्येक फेकीला त्याचा डावा पंजा नकळत उघडत होता आणि मिटत होता. शेजारच्या माणसाला वाटलं असेल, याला काही तरी झालंय.

नाच संपल्यावर मी बस्त्यावला गाठलं, तेवढ्यात अर्बाब धापा टाकत आमच्याकडे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"बस्तियान! देखा? हल्का बंदूक, फिर भी मैं पकडा! पर ये नहीं चलेगा. अगला ईद के पहले भारी लकडी का दस्ता मांगता. भारी! समझा?"

"इन्शाल्ला, अर्बाब," बस्त्याव म्हणाला.

"मॅडम, तुम लिखो," अर्बाब मला म्हणाले. माझी ख्याती त्यांना ठाऊक आहे.

मी पर्समधून वही काढून त्यांच्यासमोर लिहिलं: भारी दस्ता, बस्त्याव. वहीतली इतर कामं मी पाठपुरावा करून तडीस नेते. पंप झाला, जिन्यातले दिवे झाले. त्यानंतर दोन ईद होऊन गेल्या. प्रत्येक ईदच्या आधी अर्बाब फोन करून विचारतात, दस्त्याचं काय झालं, तो बेवकूफ काय करतोय?

मी सांगते, लाकूड अजून आलेलं नाही.